पेशीतील दुभाष्या : टी-आरएनए

बारावीच्या जीवशास्त्रात एक आकृती प्रत्येकाने काढलेली असते. एक देठ, तीन वळसे, एकूण आकार आंबुशीच्या पानासारखा. खालच्या वळशावर तीन अक्षरांचा प्रतिकोडॉन आणि देठाच्या टोकाला चिकटलेले अमिनो आम्ल. भागांना नावे दिली की गुण मिळतात, म्हणून ती पाठ होते आणि परीक्षा संपली की विस्मरणात जाते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डॉक्टर आणि शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना टी-आरएनए म्हणजे अमिनो आम्ले वाहून नेणारा पेशीतील हमाल, एवढेच आठवत असावे. नावातच 'ट्रान्स्फर' हा शब्द असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि ओझे वाहणे हे या रेणूचे दुय्यम काम होय. त्याचे मुख्य काम दुभाष्याचे आहे. एका भाषेतील शब्दाचा दुसऱ्या भाषेतील अर्थ सजीवाच्या देहात जर कोठे ठरत असेल, तर तो येथे ठरतो. हे आम्ही या लेखात उलगडून सांगू इच्छितो. उदाहरणासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. विदर्भातील अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत ज्याचे नाव न ऐकलेले घर क्वचितच सापडेल, त्या सिकलसेलचेच उदाहरण आम्ही घेत आहोत.

पेशीत दोन भाषा चालतात. पहिली डीएनए आणि आरएनएची. तिची वर्णमाला चार अक्षरांची आहे; आरएनएमध्ये ती अक्षरे ए, यू, जी आणि सी अशी आहेत. दुसरी भाषा प्रथिनांची असून तिच्यात वीस अमिनो आम्ले आहेत. पहिल्या भाषेतील तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे कोडॉन, दुसऱ्या भाषेतील एका अमिनो आम्लाचा वाचक असतो. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द ६४ होतात. त्यांपैकी ६१ शब्द अमिनो आम्ले दर्शवितात आणि उरलेले तीन 'येथे थांबा' असे सांगतात.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची आहे. तिचा संदेश एयूजी या आरंभशब्दाने सुरू होतो. त्याने येणारे पहिले आम्ल पुढे कापून टाकले जात असल्यामुळे मोजणी त्यानंतरच्या शब्दापासून करतात. ते शब्द क्रमाने असे : जीयूजी, सीएसी, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी. सहावा आणि सातवा शब्द एकच आहे, जीएजी, आणि त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये सहाव्या शब्दाचे मधले अक्षर बदलून तो जीयूजी होतो. जीयूजीचा अर्थ व्हॅलिन. केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिले की निरोगी आणि सिकलसेलग्रस्त हिमोग्लोबिनमध्ये एवढाच, एका अमिनो आम्लाचा फरक आहे. व्हॅलिन पाण्याला टाळणारे आम्ल असल्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. वेदना, पंडुरोग आणि प्लीहेचे विकार त्यातून उद्भवतात.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीयूजी हा शब्द निरोगी माणसाच्या साखळीतही आहे. किंबहुना तिचा पहिलाच शब्द तो आहे. मुळात वाईट असा शब्द नसतोच. तो सहाव्या जागी यावयास नको होता, एवढेच.

आता प्रश्न असा की जीयूजी म्हणजे व्हॅलिन हे ठरविले कोणी? या तीन अक्षरांच्या आकारात असे काहीही नाही, की ज्यात व्हॅलिन कुलपात किल्ली बसावी तसे बसेल. डीएनएच्या रचनेचा शोध लागल्यानंतर काही काळ अनेक शास्त्रज्ञांची समजूत तशी होती. संदेशाच्या खाचांत अमिनो आम्ले थेट बसत असावीत, असे त्यांना वाटे. फ्रान्सिस क्रिक यांना ते पटेना. १९५५ मध्ये त्यांनी आपल्या मित्रमंडळासाठी, ज्याला गमतीने 'आरएनए टाय क्लब' हे नाव दिलेले होते, एक टिपण फिरविले. त्यात त्यांनी अशी कल्पना मांडली की अमिनो आम्ल थेट संदेशाला न भिडता एका मधल्या रेणूला जोडले जात असावे. त्या रेणूचे एक अंग संदेशाची भाषा जाणणारे असावे, आणि योग्य आम्ल योग्य रेणूला जोडण्यासाठी स्वतंत्र विकरे असावीत. हे टिपण नियतकालिकात कधीच छापले गेले नाही. क्रिक यांच्या कल्पनेतील हा मधला रेणू अगदी चिमुकला, दोन-चार अक्षरांचा होता.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, पॉल झॅमेक्निक आणि मॅहलन होगलंड हे उंदराच्या यकृताच्या अर्कावर काम करीत होते. क्रिक यांच्या टिपणाची त्यांना कल्पना नव्हती. किरणोत्सर्गी अमिनो आम्ल अर्कात घातले असता ते प्रथिनात शिरण्यापूर्वी एका लहानशा आरएनएला चिकटलेले त्यांना आढळले. प्रारंभी हा आरएनए त्यांना अशुद्धीच वाटावी असा होता. १९५८ मध्ये त्यांनी तो शोध विस्ताराने प्रसिद्ध केला, तेव्हा क्रिक यांचा कल्पित रेणू तो हाच हे उघड झाले. मात्र तो दोन-चार अक्षरांचा नसून सत्तराहून अधिक अक्षरांचा निघाला. एवढ्या साध्या कामासाठी एवढा मोठा रेणू कशाला, हा प्रश्न तेव्हाच पडला होता. त्याच्या उत्तराकडे आपण पुढे येऊ.

परंतु तो खरोखरच दुभाष्या आहे, हे कसे सिद्ध करावे? यासाठी १९६२ साली जो प्रयोग झाला, तो आमच्या मते जीवशास्त्रातील अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक आहे आणि शाळेत तो शिकविला जात नाही याची आम्हाला खंत वाटते. फ्रान्स्वा शापव्हिल, फ्रिट्झ लिपमन, सिमूर बेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन या आम्लाचा टी-आरएनए घेतला. त्याच्यावर सिस्टीन रीतसर जोडलेले होते. सिस्टीनमध्ये गंधक असते. ते निकेलच्या साहाय्याने काढून टाकले की सिस्टीनचे अ‍ॅलानिन होते. त्यांनी आम्ल जागचे न हलविता हा बदल घडवून आणला. आता टी-आरएनए सिस्टीनचा, परंतु त्याच्या हातात अ‍ॅलानिन. प्रथिन तयार होताना काय व्हावे? जर रायबोसोम आम्लाकडे पाहत असेल, तर त्याने हे फसवे अ‍ॅलानिन नाकारावयास हवे. त्याने नाकारले नाही. पुढील वर्षी याच पद्धतीने सशाच्या अपरिपक्व लाल पेशींच्या अर्कात हिमोग्लोबिन तयार करून पाहिले, तेव्हा त्यातही सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानिन जाऊन बसले.

याचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. रायबोसोम हा प्रथिने जुळविणारा अवाढव्य कारखाना. परंतु तो फक्त संदेशातील तीन अक्षरे आणि टी-आरएनएची तीन अक्षरे जुळतात की नाही, एवढेच पाहतो. ती जुळणी मात्र तो फार कसोशीने तपासतो. चिदंबरम येथे जन्मलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते रायबोसोमच्या रचनेवरील अभ्यासासाठी. रायबोसोमच्या लहान भागातील काही अक्षरे पुढे सरकून ही जुळणी चाचपून पाहतात, हे रामकृष्णन यांच्या गटाने दाखविले. पण दुसऱ्या टोकाला लटकलेले आम्ल कोणते, याची चौकशी तेथे जवळजवळ होत नाही. दुभाष्याने सांगितलेल्या अर्थावर विश्वास ठेवूनच काम पुढे चालते.

या दुभाष्याचे पहिले संपूर्ण वाचन कॉर्नेल येथे रॉबर्ट हॉली यांच्या गटाने १९६५ मध्ये केले. त्यासाठी त्यांनी पाव भाजण्यास वापरतात ते १४० किलो यीस्ट घेतले, त्यातून २०० ग्रॅम मिश्र टी-आरएनए मिळविला आणि त्यातून अ‍ॅलानिनचा शुद्ध टी-आरएनए निघाला तो एक ग्रॅम. या एका ग्रॅमवर अडीच वर्षे काम करून त्यांनी ७७ अक्षरांची ओळ लावली. सजीवातील कोणत्याही आरएनएची अक्षरे ओळीने वाचली जाण्याची ही पहिली वेळ. तीन वळशांची ती सुप्रसिद्ध आकृती सुचविण्यात हॉली यांच्या गटातील एलिझाबेथ केलर यांचा मोठा वाटा होता. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव येत नाही, म्हणून येथे नोंदवितो.

१९६८ चे नोबेल पारितोषिक हॉली, मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खुराना या तिघांना मिळाले. खुराना यांचा जन्म अखंड पंजाबातील मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यात झाला. गावाची वस्ती सुमारे शंभर माणसांची. वडील पटवारी होते. खुराना यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की त्या गावात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ त्यांचेच एकटे होते आणि गरिबी असूनही वडिलांनी मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. याच खुराना यांनी विस्कॉन्सिन येथे रसायनांच्या बाटल्यांपासून आरंभ करून एक अख्खे जनुक प्रयोगशाळेत घडविले आणि १९७० मध्ये ते जाहीर केले. मानवाने रचलेले हे पहिले जनुक. ते होते यीस्टच्या अ‍ॅलानिन टी-आरएनएचे, हॉलींनी वाचले तेच. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने टी-आरएनएचेच दुसरे जनुक घडविले, आणि ते तर जीवाणूच्या पेशीत प्रत्यक्ष काम करू लागले.

पाठ्यपुस्तकातील आकृती सपाट आहे. प्रत्यक्षातील रेणू तसा नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर रिच यांच्या आणि इंग्लंडमध्ये आरॉन क्लुग यांच्या गटांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने यीस्टमधील एका टी-आरएनएचा आकार निश्चित केला. बाजूचे दोन वळसे आत वळून एकमेकांत गुंततात आणि संपूर्ण रेणू इंग्रजी 'एल' अक्षरासारखा, सुताराच्या काटकोनी गुण्यासारखा होतो. गुण्याच्या एका टोकाला प्रतिकोडॉन, दुसऱ्या टोकाला सीसीए ही तीन अक्षरे आणि त्यांना लागून अमिनो आम्ल. दोन टोकांतील अंतर सुमारे सात नॅनोमीटर. हे अंतर योगायोगाचे नाही. रायबोसोमच्या लहान भागात संदेश वाचला जातो आणि मोठ्या भागात आम्ले एकमेकांस जोडली जातात; या दोन जागांमधील अंतर तेवढेच आहे. क्रिक यांच्या कल्पनेतील चिमुकला रेणू दोन्ही टोकांपर्यंत पोचलाच नसता.

रायबोसोमच्या खोबणीत प्रत्येक टी-आरएनए बसला पाहिजे, म्हणून सर्वांचे अंतर, जाडी आणि बाक एकसारखा असावा लागतो. परंतु प्रत्येकाला त्याचे ठरलेले आम्लच मिळाले पाहिजे, म्हणून ते ओळखू येण्याइतके वेगळेही असावे लागतात. वसतिगृहाच्या भोजनगृहात एकाच गणवेशात रांगेने उभी असलेली मुले गृहपाल जशी एका दृष्टिक्षेपात ओळखतात, तशी ही ओळख सिंथेटेज नावाची विकरे पटवितात. प्रत्येक अमिनो आम्लासाठी सामान्यतः एक, अशी ही वीस विकरे आहेत. आमच्या मते जीवनाचा शब्दकोश शोधावयाचा असेल तर तो या वीस विकरांच्या आणि टी-आरएनएंच्या भेटीत शोधावा. जीयूजी म्हणजे व्हॅलिन हे वाक्य पेशीत दुसऱ्या कोठेही लिहिलेले नाही. व्हॅलिनचे विकर जीयूजी वाचणाऱ्या टी-आरएनएला धरते आणि त्याच्या टोकाला व्हॅलिन जोडते, म्हणून ते खरे ठरते.

ही ओळख पटण्याच्या खुणा कधीकधी अनपेक्षित ठिकाणी असतात. प्रतिकोडॉन ही सर्वांत ठळक खूण, आणि बरीच विकरे ती पाहतात. अ‍ॅलानिनचे विकर मात्र प्रतिकोडॉनकडे ढुंकूनही पाहत नाही. या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी १९८८ मध्ये दाखविले की देठातील जी आणि यू या अक्षरांची एकच जोडी त्याला पुरते. ती जोडी दुसऱ्या एखाद्या टी-आरएनएच्या देठात बसविली की तोही अ‍ॅलानिन उचलू लागतो, मग त्याचा प्रतिकोडॉन काहीही म्हणो.

टी-आरएनए ओळखण्यापेक्षा आम्ल ओळखणे अवघड. आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन यांत केवळ एका कार्बनाचा आणि त्याच्या दोन हायड्रोजनांचा फरक आहे. आयसोल्यूसिनच्या खोबणीत व्हॅलिन सहज शिरते. लायनस पॉलिंग यांनी १९५७ मध्ये अंदाज केला होता की या गोंधळापायी वीसात एक चूक व्हावी; प्रत्यक्ष मोजमापात चूक सुमारे तीन हजारांत एक निघाली. हा फरक पडतो तो दुसऱ्या तपासणीमुळे. आयसोल्यूसिनच्या विकरात आणखी एक खोबण आहे. ती इतकी अरुंद आहे की आयसोल्यूसिन तीत मावत नाही. व्हॅलिन मात्र मावते आणि आत गेले की टी-आरएनएपासून तोडून टाकले जाते. पहिली चाळणी मोठे आम्ल अडविते, दुसरी लहान आम्ल पकडते. अ‍ॅलन फर्श्ट यांनी १९७० च्या दशकात हिला 'दुहेरी चाळणी' म्हटले. ही चाळणी थोडी जरी सैल झाली तरी काय होते, हे २००६ मध्ये उंदरांत दिसून आले. अ‍ॅलानिनच्या विकरातील दुरुस्तीचा भाग किंचित दुबळा असलेल्या उंदरांच्या लहान मेंदूतील पेशी मरू लागल्या आणि त्यांचा तोल जाऊ लागला. आणखी एक परिचयाची गोष्ट : त्वचेवरील पूयुक्त फोडांसाठी डॉक्टर म्युपिरोसिनचे मलम लिहून देतात. ते औषध जीवाणूंच्या आयसोल्यूसिन विकरालाच अडवून धरते. मग आयसोल्यूसिनचे दुभाषे रिकाम्या हाताने फिरतात आणि जीवाणूची प्रथिनिर्मिती बंद पडते.

अमिनो आम्लांत डावे-उजवे असाही भेद असतो आणि प्रथिनांत केवळ डावी आम्ले चालतात. चुकून उजवे आम्ल टी-आरएनएवर चढले तर ते उतरविणाऱ्या विकराची कार्यपद्धती हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत राजन शंकरनारायणन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उलगडली. या कार्यासाठी त्यांना २०२० चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. जीवशास्त्रात पुढे शिकू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे काम रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर चालते, हे ठाऊक असावे.

६१ शब्दांसाठी ६१ दुभाषे लागत नाहीत. शब्दाच्या तिसऱ्या अक्षराच्या जुळणीत थोडी सैल चालते, हे क्रिक यांनीच १९६६ मध्ये ओळखले. मानवी केंद्रकात टी-आरएनएची चारशेहून अधिक जनुके असली तरी वेगवेगळे प्रतिकोडॉन पन्नासच्या आसपासच आहेत. शिवाय टी-आरएनए तयार झाल्यावर त्याच्या कित्येक अक्षरांवर रासायनिक संस्कार होतात. अशा संस्कारित अक्षरांमुळे टी-आरएनए शरीराच्या संरक्षण यंत्रणेला परका वाटत नाही. कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये ही गोष्ट हेरली आणि तिचाच उपयोग करून पुढे एम-आरएनए लसी सुसह्य झाल्या. २०२३ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

आता उत्क्रांतीकडे वळू. जीवाणूपासून पिंपळापर्यंत आणि पिंपळापासून माणसापर्यंत टी-आरएनएचा आकार एकच, टोकाची सीसीए ही अक्षरे एकच आणि शब्दकोशही जवळजवळ एकच. याचा रोकडा पुरावा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी शीतकपाटात असतो. मानवी इन्सुलिनचे जनुक १९७८ मध्ये जीवाणूत घातले गेले, आणि जीवाणूच्या टी-आरएनएंनी माणसाचा संदेश अचूक वाचला. १९८२ पासून तसे इन्सुलिन औषध म्हणून मिळू लागले. दोन सजीवांच्या शब्दकोशांत फरक असता तर हे घडलेच नसते. इतक्या भिन्न सजीवांना एकच शब्दकोश लाभला, याचे सरळ स्पष्टीकरण म्हणजे तो त्यांच्या सामायिक पूर्वजाकडून आला. जात, वंश, प्राणी, वनस्पती या सर्व विभागण्यांच्या कितीतरी आधीचा हा वारसा आहे.

हा शब्दकोश बदलत का नाही? कारण एका शब्दाचा अर्थ बदलला तर तो शब्द जेथे जेथे येतो त्या हजारो प्रथिनांत एकाच वेळी बदल होईल आणि पेशी जगणार नाही. तरीही क्वचित अपवाद घडतात. माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा आणणारी कँडिडा ही बुरशी सीयूजी या शब्दाचा अर्थ ल्यूसिन न करता बहुतांशी सेरीन असा करते. तिच्या संदेशाची भाषा बदललेली नाही; बदलला आहे तिचा एक टी-आरएनए. अर्थ दुभाष्यापाशी असतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

टी-आरएनए स्वतः कसा घडला असावा, याबद्दल संशोधकांत चर्चा चालू आहे. गुण्याच्या दोन बाजूंपैकी आम्ल धरणारी बाजू स्वतंत्रपणे कापून घेतली तरी काही विकरे तिला ओळखतात आणि तिच्यावर आम्ल जोडतात. यावरून ती बाजू अधिक प्राचीन असावी आणि प्रतिकोडॉनची बाजू नंतर जोडली गेली असावी, असा तर्क केला जातो. अर्धा अर्धा रेणू जुळून पूर्ण होऊ शकतो, ही केवळ कल्पनाही नाही. आइसलँडच्या उत्तरेला समुद्रतळावरील उष्ण झऱ्यात सापडलेल्या नॅनोआर्किऑम या अतिसूक्ष्म जीवात काही टी-आरएनएंच्या दोन अर्ध्यांची जनुके वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि तयार झाल्यावर ते अर्धे एकमेकांस जोडले जातात, हे २००५ मध्ये आढळले. ही प्राचीन स्थितीची खूण की नंतर झालेली फाटाफूट, यावर मात्र एकमत नाही. आमचा कल तूर्त दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

आता सिकलसेलकडे परत येऊ. सहाव्या जागी जीयूजी आल्यावर व्हॅलिनचा टी-आरएनए तेथे येतो आणि व्हॅलिन देतो. पहिल्या जागी त्याने तेच केले होते आणि दोन्ही वेळा त्याचे काम बिनचूक झाले. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्या सर्वांत हा शब्द तितक्याच प्रामाणिकपणे वाचला जातो. दोष संदेशात आहे, दुभाष्यात नाही. 'रक्त बिघडले', 'अशुद्ध रक्त' असे शब्द आपल्याकडे अजून कानी पडतात, विशेषतः सोयरीक जुळविताना. त्यांचा या वस्तुस्थितीशी काहीही संबंध नाही.

दुभाष्यातच दोष असेल तर चित्र वेगळे दिसते. आपल्या पेशीतील तंतुकणिकांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातील ३७ जनुकांपैकी २२ टी-आरएनएची आहेत, म्हणजे तेथे पर्यायी दुभाषे जवळजवळ नाहीतच. त्या डीएनएतील ३२४३ व्या स्थानावरचे एक अक्षर बदलले की ल्यूसिनचा एक टी-आरएनए लंगडा पडतो. मग एकच प्रथिन न बिघडता तंतुकणिकांतील अनेक प्रथिनांची निर्मिती मंदावते. तरुण वयात पक्षाघातासारखे झटके, आकडी, काहींना मधुमेह आणि बहिरेपणा अशी लक्षणे दिसतात. तंतुकणिका आईकडून येतात, म्हणून हा विकारही आईकडूनच येतो. सिकलसेलचे तसे नाही. तो होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक यावे लागते. तरीही मूल आजारी निघाले की घरातील बोटे एकट्या आईकडे वळतात, हे आम्ही पाहत आलो आहोत.

मग दुभाष्याला शिकवून सिकलसेल बरा करता येईल काय, असा प्रश्न आमच्या एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारला होता. प्रश्न बुद्धीचा आहे. अशी कल्पना रक्ताच्याच दुसऱ्या विकाराबाबत वापरून पाहण्यात आली आहे. बीटा थॅलेसेमियाच्या एका प्रकारात सतराव्या जागी लायसिनच्या शब्दाऐवजी यूएजी हा थांबण्याचा शब्द येतो आणि साखळी अर्धवट तुटते. युएट वाइ कान यांच्या गटाने १९८२ मध्ये मानवी लायसिन टी-आरएनएचा प्रतिकोडॉन बदलून त्याला यूएजी वाचावयास लावले. बेडकाच्या अंड्यात केलेल्या प्रयोगात त्याने तुटलेली साखळी पूर्ण करून दाखविली. थांबण्याच्या शब्दांना एरवी कोणताही टी-आरएनए नसतो, म्हणून तेथे नवा दुभाष्या बसविण्यास जागा आहे. या मार्गावर आज अनेक आजारांसाठी संशोधन चालू असले तरी ते नित्याच्या उपचारापर्यंत अद्याप पोचलेले नाही.

सिकलसेलमध्ये तशी जागा नाही. जीयूजी वाचणाऱ्या टी-आरएनएने व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आणावे असे केले, तर सहावी जागा सुधारेल, परंतु त्याच साखळीची पहिली जागा बिघडेल आणि तिच्यासह देहातील प्रत्येक प्रथिनातील प्रत्येक जीयूजी बिघडेल. म्हणून सिकलसेलवरचे उपाय भाषांतराच्या अलीकडे किंवा पलीकडे शोधले गेले. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. त्या हिमोग्लोबिनची साखळी वेगळ्या जनुकावरून येते आणि तीत हा बदल नसतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण मूळ पेशीच बदलते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचार गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो. त्याचा खर्च मात्र आज सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा आहे.

तोवर आपल्या हाती तपासणी आहे. आपल्या देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून शासकीय रुग्णालयांत रक्ताची चाचणी होते. अहवालात 'एएस' लिहिले असेल तर ती व्यक्ती वाहक होय. तिच्या अस्थिमज्जेत दोन्ही संदेश असतात, जीएजीचा आणि जीयूजीचाही. तेच टी-आरएनए दोन्ही वाचतात, दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते आणि व्यक्ती सामान्यतः निरोगी राहते. 'एसएस' असेल तर जीयूजीचाच संदेश दोन्हीकडून आलेला असतो. पती-पत्नी दोघेही 'एएस' असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक शक्यता 'एसएस'ची, चारांत दोन 'एएस'ची आणि चारांत एक 'एए'ची असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ही शक्यता कमी होत नाही आणि पहिले आजारी निघाले म्हणून वाढतही नाही. दोघांपैकी एकाचाच अहवाल 'एएस' आणि दुसऱ्याचा 'एए' असेल, तर मूल वाहक होऊ शकते, परंतु 'एसएस' होत नाही.